ती जाणकार बाई आणि तुझ्या पाकळ्या

“ह्याच्यात काय एवढं? कुणालाबी सुचलं असतं की.”

तुझ्या दारावरच्या तोरणाची एक पाकळी चिमटीत धरून ती बाई म्हणाली. भेटायला आलेल्या बायका पायरीवर चपला काढत होत्या. आत सतरंजीवर कुणीतरी नव्याने रडायला लागलं होतं. मी उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. माझ्याकडे कुणी फारसं बघत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

“हळू बोल की गं,” तिच्या सोबतची म्हणाली. “माणूस आत्ता गेलंय.”

“मी काय वाईट बोलायले का? दुधाच्या पिशव्या अन् चिप्सची पाकिटं. लेकरंबी करतेत असलं.”

मी दोघींना पाणी दिलं. काही बोलले नाही. तुला याचं नवल वाटणार नाही, आत्या. पण खरं सांगू का, मला हसू आलं. इतकं, की तांब्या घेऊन मला आत जावं लागलं. नेमकं हेच वाक्य, फक्त इस्त्री केलेल्या कपड्यांत, पेटंट ऑफिसकडून तुझ्याकडे आलं होतं: या कामातल्या जाणकार व्यक्तीला ही गोष्ट सहज सुचण्यासारखी आहे. तू असतीस तर त्या बाईला हाताला धरून कापायच्या टेबलापाशी नेलं असतंस. कात्री दिली असतीस आणि म्हणाली असतीस, “कर मग. मी बसते हितं.” फूल जमेपर्यंत तिला उठू दिलं नसतंस, आणि जमल्यावर तिचं नाव क्लासात घातलं असतंस.

मी काय काम करते हे आपल्या घरात फक्त तुला नीट माहीत होतं. नांदेडला बाबा पाहुण्यांना सांगतात, “ती कॉम्प्युटरवर पुण्याच्या हापिसाचं काहीतरी करायली.” आई सांगते, “वकिलीसारखंच, पण कोर्टात जावं लागत नाही.” तूच एकदा माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसलीस आणि विचारलंस, “म्हंजे लोक डोकं चालवतेत, अन् तू ते लिहितेस?” मी हो म्हटलं. “अन् ते लोक तुला दिसतेत का?” नाही दिसत, मी म्हटलं, मेलवर असतात. तू म्हणालीस, “मग माझं लिही. मी दिसते तुला.”

असं ते सुरू झालं. मी पेटंट एजंटची परीक्षा नुकतीच पास झाले होते. ऑफिसमध्ये मी लिहायची आणि सुनावणीला सर बोलायचे. ही वाटणी मला फार सोयीची होती. तुझा अर्ज मात्र ऑफिसकडून गेला नाही. “वकील तूच,” तू बजावलंस. मी वकील नाही, एजंट आहे, असं मी सांगितलं. “तेच ते,” तू म्हणालीस, “मिस.”

मला मिस म्हणणारी तू एकटीच. नांदेडच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला लातूरला तुझ्याकडे आल्यावर मी एकदा तुझ्या फुलांच्या क्लासातल्या बायकांना ‘गुड आफ्टरनून’ म्हटलं होतं म्हणे. मला आठवत नाही. तू ते क्लासातल्या प्रत्येक नव्या बाईला सांगायचीस, माझ्यासमोर, नकलेसकट.

तुझी वस्तू काय आहे हे इथं लिहायला हवं, कारण हे वाचणाऱ्यांतल्या किती जणांनी तुझं काम पाहिलंय कुणास ठाऊक. लग्नात मुलीकडचे रुखवत मांडतात, त्यात तुझी फुलं असायची. कमळांचा हौद, झेंडूची कमान, महालक्ष्म्यांच्या मागची आरास. सगळं दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि चकचकीत खाऊच्या पाकिटांचं. पिशवी धुऊन, उघडून, तिच्यावर पाकिटाचा चकचकीत पापुद्रा ठेवायचा, वर कागद टाकून इस्त्री दाबायची. दोन्ही चिकटले की पाकळ्या कापायच्या. मग खरी गंमत. तव्यावर जुनं सुती फडकं, फडक्यावर सपाट पाकळी, आणि बघता बघता ती पाकळी स्वतःच वळायची. बोटही न लावता टोकाकडून अलगद मागे झुकायची, जशी खऱ्या कमळाची झुकते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फुलका फुगताना बघतात तशी वाकून बघत बसले होते. तू म्हणालीस, “तोंड मिट, माशी जाईल.”

का वळते, ते मी नंतर शोधून काढलं. उष्णतेने दुधाची पिशवी आकसते, वरचा पापुद्रा आकसत नाही. दोघं चिकटलेले, म्हणून वळावं लागतं. तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, “नवरा-बायकोसारखं हाय की.” आणि मग, “हे लिहू नको त्याच्यात.”

अर्ज इंग्रजीत होता. तू हटून बसलीस की प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखव. मला वाटलं होतं एका दुपारी होईल. ‘हीट-श्रिंकेबल फिल्म’ला मराठीत काय म्हणायचं इथपासून अडलं. शाळेत आम्ही मराठीत बोललो की वर्गाबाहेर उभं करत. मला मराठी वाचता यायचं, पण मनातलं मराठीत मांडायची सवय नव्हती. तू मांडी घालून बसायचीस, मी एक वाक्य अडखळत सांगायची, तू म्हणायचीस, “आसं कोण बोलतंय? नीट सांग.” मी पुन्हा सांगायची. आज हा लेख मी मराठीत लिहिते आहे आणि फार खोडावं लागत नाहीये, ते त्या दुपारींमुळे. हे तुला कधी म्हटलं नाही. तू लगेच क्लासभर सांगितलं असतंस म्हणून असेल.

त्या वाचनातच तुझी आणि ‘जाणकार बाई’ची गाठ पडली. मी तुला समजावलं होतं की नवं असून भागत नाही. कायदा एक माणूस कल्पून घेतो, या कामातला जाणकार. त्याला आधीचं सगळं माहीत असतं, पण स्वतःची अशी कल्पनाशक्ती नसते. त्याला जे सहज सुचेल त्याला पेटंट मिळत नाही.

“कुठं राहतो हा?”

“कुठंच नाही, आत्या. मानायचं फक्त.”

“फुलाच्या कामातला गडी कुठून आणलास? बाईच असणार.” मग तू तिला अंबाडा दिलास, जाड काचेचा चष्मा दिलास, रेणापूर नाक्याजवळ भाड्याची खोली दिलीस. “सगळं ठाऊक, पण सुचत काही न्हाई. बिचारी. बोलव तिला एकदा, चहा पाजते.” त्यानंतर फोनवर तुझा पहिला प्रश्न तोच असायचा. “काय म्हणते आपली जाणकार बाई?” मी म्हणायची, अजून काही म्हणाली नाही. शेवटी पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, “आत्या, ती म्हणते तिला सुचलं असतं.”

“आधी का न्हाई सुचलं मग?”

या प्रश्नावर आपण भांडलो. खरंच भांडलो, कारण मला त्याचं उत्तर येत होतं आणि तुला ते पटत नव्हतं. मी सांगितलं की त्यांनी दोन जुने कागद काढलेत. एकात पिशव्या इस्त्रीने चिकटवून ताव करायची रीत आहे, दुसऱ्यात बाटल्यांवर आकसून बसणारी वेष्टणं. दोन्ही शेजारी ठेवले तर कुणालाही तुझी पाकळी सुचावी, असं त्यांचं म्हणणं. तू म्हणालीस, पीठ अन् पाणी शेजारी ठेवल्यावर भाकर होते का? मी म्हटलं, आत्या, हे त्यांना असं सांगता येत नाही. “मग कसं सांगतेत?” पत्राविरुद्ध मांडायला माझ्याकडे खरंच काही नव्हतं. तुझी पाकळी सुंदर होती, पण सुंदर असणं हे कारण होत नाही.

शिवाय तू स्वतःच माझ्या विरुद्ध साक्ष देत होतीस. बायकांना शिकवताना तुझं पालुपद एकच, “लई सोपं हाय, काय बी न्हाई ह्याच्यात.” मी म्हणायची, निदान क्लासात तरी असं म्हणू नकोस. तू म्हणायचीस, “सोपं हाय म्हणून तर शिकवते. अवघड असतं तर बायका आल्या असत्या का?” एखादी गोष्ट करायला सोपी आणि सुचायला अवघड असू शकते का, यावर आपलं बोलणं व्हायचं राहिलं. मला त्यावर तुझं म्हणणं ऐकायचं होतं. अजूनही आहे.

एक गोष्ट मात्र मी तेव्हाही पाहिली होती. तू काटकसरी. तुझ्याइतकी काटकसरी बाई मी दुसरी पाहिली नाही. आपण एकदा एसटीने नांदेडला येत होतो, गाडी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, आणि तू खिडकीतून बाहेर वाकून फलाटावरच्या एका धिप्पाड माणसाला म्हणालीस, “ओ भाऊ, खाऊन झालं का?”

तो चपापला. “काय?”

“ते पाकीट. खाऊन झालं का? टाकू नका, द्या हिकडं. झटकून द्या.”

मी पुस्तकात तोंड घातलं होतं. त्याने मुकाट पाकीट झटकून दिलं, वर शेजाऱ्याचंही घेऊन दिलं. गाडी निघेपर्यंत अर्धा फलाट तुझ्या खिडकीपाशी पाकिटं आणून देत होता आणि तू एखाद्या मंत्र्यासारखी ती स्वीकारत होतीस. कंडक्टर म्हणाला, “मावशी, दुकान टाकलं का गाडीत?” तू म्हणालीस, “तुमचं तिकिटाचं रीळ संपलं की सांगा, तेबी घेते.”

तर अशी तू. आणि तरी दुधाच्या पिशवीतून पाकळ्या कापताना तू सगळ्या एकाच दिशेने कापायचीस. सगळ्या उभ्या, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी असतात तशा. एक पाकळी सुलटी, शेजारची उलटी, मधे एखादी आडवी, असं बसवलं असतं तर एका पिशवीत कितीतरी जास्त बसल्या असत्या. ब्लाउज बेतणारी कुठलीही बाई कापड वाचवायला तुकडे असेच फिरवून बसवते. मी तुला विचारलं होतं. तू मान वर न करता म्हणालीस, “आसंच आस्तंय ते.” मी पुढे विचारलं नाही.

शेवटचं बोलणं फोनवर झालं. सुनावणीची तारीख आली होती. हल्ली ती व्हिडिओवर होते, कुठूनही बोलता येतं. हजर न राहता नुसतं लेखी दिलं तरी चालतं, आणि मी तेच ठरवलं होतं.

“तू बोलणार न्हवं तिथं?”

“बघू.”

“बघू म्हंजे न्हाई. तुझं बघू मला ठाऊक हाय.”

“मी लिहून देते ना, आत्या. तेच महत्त्वाचं असतं.”

“लिहिलेलं कोण वाचतंय, मिस? माणूस माणसाच्या तोंडाकडं बघतंय.” मग मागून तुझ्या क्लासातल्या परवीनभाभींची हाक आली आणि तू म्हणालीस, “ठेव, तवा तापलाय माझा.”

तुझ्यामाघारी अर्ज नितीनदादाच्या नावावर पुढे चालू ठेवला. त्याने सही करताना विचारलं, “हे होईल का गं?” मी म्हटलं, बघू. तो तुझा मुलगा. त्याला त्या ‘बघू’चा अर्थ कळला.

परत नांदेडला आल्यावर मी पहिल्यांदाच स्वतः पाकळ्या करून पाहिल्या. दुःख म्हणून नव्हे. मला खरंच कळत नव्हतं की त्या पत्राला काय उत्तर द्यावं, आणि हात चालला की डोकं चालतं हे तुझ्याकडे पाहून कळलं होतं. आईच्या स्वयंपाकघरात मी पिशव्या धुतल्या, इस्त्री केली, कापल्या, तव्यावर फडकं टाकलं. एक पाकळी झकास वळली. दुसरीची पुंगळी झाली. तिसरी दोरीसारखी पिळवटली. चौथी पुन्हा झकास. आई म्हणाली, “तवा सारखा तापत नसंल.” तवा फिरवला. तेच. पिशवी बदलली. तेच. तुझ्या क्लासात एवढ्या वर्षांत मी पुंगळी झालेली पाकळी पाहिलीच नव्हती. नव्या बायकांच्याही हातून नाही. त्या रडतखडत कापायच्या, कडा वेड्यावाकड्या यायच्या, पण वळायच्या सगळ्या बरोबर.

म्हणजे तू काहीतरी करत होतीस जे मी करत नव्हते. आणि ते अर्जाच्या एकाही ओळीत नव्हतं. मी तुझ्यासमोर बसून प्रत्येक ओळ वाचली होती आणि तू एकदाही म्हणाली नव्हतीस की हे राहिलं. मला राग आला तुझा. गेलेल्या माणसाचा राग येणं वाईट असतं म्हणतात. मला तर बरं वाटलं, म्हणजे अजून आपलं चालू आहे असं वाटलं.

मी लातूरला आले. क्लास परवीनभाभींनी चालू ठेवलाय. तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते: त्या तुझ्यासोबत पहिल्यापासून, तुला अक्का म्हणायच्या. त्यांच्या सासरी बांगड्यांचं काम, म्हणून आच किती लागते हे त्यांच्या बोटांना कळतं. त्या तव्यापाशी बसायच्या आणि तू कात्रीपाशी. त्यांनी मला चहा दिला आणि तुझ्या खुर्चीवर बसू दिलं नाही. खुर्चीवर कात्री ठेवली होती. मी स्टुलावर बसले, माझ्या पाकळ्या पिशवीतून काढून दाखवल्या. त्यांनी पुंगळी उचलली, उजेडात धरली.

“ये कैसे काटे?”

“जशा बसतील तशा. जास्त बसाव्यात म्हणून.” तुझी ती उभी रांग मी नुसती सवय समजले होते.

“अक्का ऐसा नहीं काटते थे.” त्यांनी एक पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी पसरली. छाप माझ्याकडे तोंड करून. “अक्का बोलते थे, नाम सीधा रखो. घुमाओ मत. बस, इतनाच.”

“का?”

मी फारच बाळबोध काहीतरी विचारलंय असं त्यांना वाटलं असावं. मग उठून त्यांनी कपाटाच्या तळातून पत्र्याचा मोठा डबा ओढला. चिवड्याचा असतो तसला. झाकण काढलं. आत दुधाच्या पिशव्यांचे चौकोनी तुकडे होते, नीट एकावर एक, सगळ्यांची तोंडं एकीकडे. प्रत्येक तुकड्यावर महादेवाचं नाव आणि खाली छोटा नंदी. आपल्याकडे येणारं दूध त्याच डेअरीचं, आणि डेअरीचं नाव देवाचं.

मी तो डबा मांडीवर घेऊन बसले. तू गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन पूजा केल्याशिवाय चहाही घ्यायची नाहीस. तू देवाच्या नावावर कात्री चालवणार नव्हतीस. नाव उलटं किंवा आडवं ठेवून कापणंही तुला जमलं नसतं. तू ते सरळ समोर ठेवायचीस, नावाचा चौकोन आधी अलगद काढून घ्यायचीस आणि उरलेल्या चौकटीतून, पिशवी जराही न फिरवता, पाकळ्या काढायचीस. कचऱ्यातली पिशवी ती. पण नाव कचऱ्यात गेलं नाही, आणि नदीतही नाही, कारण प्लास्टिक नदीत सोडायचं नसतं हेही तूच बायकांना सांगायचीस. मग इतकी वर्षं ती डब्यात.

“तुम्ही कधी विचारलं नाही, का ते?” मी भाभींना विचारलं.

“उस में पूछना क्या?” त्या म्हणाल्या. “हमारे घर में भी लिखा हुआ कागज पाँव में नहीं आने देते. मेरेकू लगा, सब ऐसाच करते.”

बाकीचं मला दिसायला लागलं. पिशवीचं प्लास्टिक यंत्रातून लांबीच्या दिशेने ओढून काढलेलं असतं. तापलं की त्या दिशेने ते जास्त आकसतं. छाप सरळ ठेवली की पाकळीची लांबी आणि ओढीची दिशा एक होते, आणि टोक झुकतं. आडवी कापली तर कडा गुंडाळतात, पुंगळी. तिरपी कापली तर पीळ. तुला यातलं काही माहीत नव्हतं. भाभींनाही नव्हतं. तुम्हा दोघींना ते इतकं साधं वाटत होतं, की सांगण्यासारखं काही आहे हेच लक्षात आलं नाही.

आणि जाणकार बाई? मी तिचा खूप विचार केला. अंबाडा, जाड चष्मा, रेणापूर नाक्याची खोली. तिला ते दोन्ही कागद पाठ आहेत. तिच्यासमोर पिशवी ठेवली तर ती काय करेल? मी केलं तेच. तुकडे फिरवून जास्तीत जास्त पाकळ्या बसवेल. तिच्या पुंगळ्या होतील, ती तव्याला दोष देईल. माल वाया घालवून सगळ्या पाकळ्या उभ्या कापायचं तिला काही कारणच नाही. ती माझ्यासारखीच आहे, आत्या. इंग्रजी शाळेतली असणार.

अर्जात नंतर नवीन काही घुसवता येत नाही, आधी दाखवलेलं असेल तेवढंच वापरता येतं. मी अर्जाची रेखाचित्रं उघडून पाहिली. ती मीच काढली होती, तुझ्या टेबलापाशी बसून. मला जे दिसतं ते मी काढते. उभी पिशवी, तिच्या लांबीचा बाण, सगळ्या पाकळ्या उभ्या, आणि मधोमध एक रिकामी चौकट. कुणाची छाप चित्रात नको म्हणून मी ती रिकामी सोडली होती. तिच्याकडे बघून मी खूप दिवसांनी रडले. मग नाक पुसून दुरुस्ती लिहिली.

लेखी उत्तरात मी दिशा लिहिली, आकसणं लिहिलं, पुंगळ्यांचे फोटो जोडले. देवाचं नाव लिहिलं नाही. ते तिथं शोभलं नसतं. अशा ठिकाणी लोक देवाचं काढत नाहीत. मला लाजही वाटली असेल, तुझी नव्हे, त्यांच्या हसण्याची. पण लिहून झाल्यावर मी हजर राहणार असंही कळवून टाकलं. का, ते मला नक्की सांगता येणार नाही. ‘बघू’ म्हणायला समोर तू नव्हतीस.

सुनावणी मी तुझ्या क्लासातून दिली. कापायच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या मागे परवीनभाभी आणि नितीनदादा भिंतीला टेकून, श्वासही जपून घेत. पडद्यावरचे अधिकारी शांत होते, मध्यम वयाचे, आवाज बसलेला. मी पाठ केलेलं इंग्रजी बोलले. माझा आवाज मलाच लांबून येत होता, पण येत होता. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्यांनी माझी पाकळी पाहायला मागितली, मी कॅमेऱ्यासमोर धरली, मग पुंगळी धरली. त्यांनी चष्मा काढला आणि पुढे वाकले.

“दिशेचा परिणाम मला समजला,” ते इंग्रजीत म्हणाले. “पण एक कळत नाही. यात माल वाया जातो. प्लास्टिकचं शास्त्र त्यांना माहीत नव्हतं, असं तुम्हीच म्हणता. मग त्या असं का कापत होत्या? त्यांना हे सुचलं कसं?”

माझ्याकडे तयार उत्तर होतं. अनुभवातून, निरीक्षणातून, असं काहीतरी. ते खरं नव्हतं. लॅपटॉपच्या मागे भाभींनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. तुझ्या खुर्चीवर कात्री होती. आवाजावरून साहेब आपल्याच भागातले वाटत होते, का मला तसं वाटून घ्यायचं होतं, माहीत नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतके दिवस मलाही तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं, आणि आत्या, इंग्रजी आलंच नाही.

“साहेब,” मी म्हणाले, “पिशवीवर देवाचं नाव होतं. देवाचं नाव आडवं कसं ठेवावं?”